यंत्राची भीड वाटत नाही, सरांची वाटते

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत चॅटजीपीटी किंवा जेमिनीचे नाव नसलेले पत्र शोधावे लागते. बहुतेक पत्रे नोकऱ्या राहतील का, परीक्षा कशा होतील, असे विचारतात. पुढील तीन पत्रे मात्र शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामधल्या नात्याविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची व महाविद्यालयांची नावे वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवतो. यंदा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला ‘हंगामी स्थलांतर आणि ग्रामीण अर्थव्यवस्था’ या विषयावर प्रकल्प दिला. आलेल्या ६२ प्रकल्पांपैकी निम्म्यांची सुरुवात जवळजवळ एकाच वाक्याने होती : ‘हंगामी स्थलांतर ही एक बहुआयामी सामाजिक-आर्थिक प्रक्रिया असून तिचा समग्र विचार करणे ही काळाची गरज आहे.’ एका विद्यार्थ्याचे आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, हे मला ठाऊक होते. त्याच्याही प्रकल्पात तेच वाक्य होते. इंटरनेटवरील एका तपासणीच्या साधनात मी त्याचा मजकूर टाकला, तेव्हा ‘८७ टक्के यंत्रलिखित’ असा निकाल आला. मी ते पान वर्गात सर्वांसमोर वाचून दाखवले आणि ‘हे तू लिहिलेस का?’ असे विचारले. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो वर्गात येत नाही. माझ्या रागात चूक होती का? आणि यापुढे विद्यार्थ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

उत्तर : आपला संशय बहुधा खरा होता. चूक झाली ती दोन ठिकाणी, आणि त्यांपैकी पहिली त्या ८७ टक्क्यांवर विसंबण्याची आहे. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच २०२३च्या जानेवारीत यंत्रलिखित मजकूर ओळखणारे एक साधन उपलब्ध करून दिले होते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्या साधनाला यंत्राने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. इंग्रजीखेरीज अन्य भाषांत ते आणखी कच्चे आहे, हेही कंपनीने सांगून ठेवले होते. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैत ते मागे घेण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३मध्येच अशी सात साधने तपासली, तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राच्या नावावर टाकले. परक्या भाषेत लिहिणारा मोजके शब्द आणि ठरीव रचना वापरतो, आणि ही साधने मुख्यतः तो ठरीवपणाच मोजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीच्या २०१८च्या विनियमांचाही इथे आधार मिळत नाही. ते प्रबंध आणि शोधनिबंध यांतील साम्य मोजतात आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाहीत. यंत्राचा मजकूर दर वेळी नव्याने जुळवलेला असल्यामुळे तो साम्याच्या चाळणीतून सहज खाली पडतो. थोडक्यात, आपल्या हातात पुरावा नव्हता. होता तो शिक्षकाचा अंदाज, आणि माझ्या मते तो त्या टक्केवारीपेक्षा अधिक भरवशाचा होता. तो तेवढाच घेऊन त्या मुलाकडे जायला हवे होते.

आता त्या मुलाच्या बाजूने पाहू. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली की वर्ष कसे बांधले जाते, नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ का म्हणतात, मुकादम हिशेब कसा मांडतो, कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, पहाटे चूल कधी पेटते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेला पैसा कोणाच्या हाती पडतो, हे त्याला आईच्या तोंडून किंवा स्वतः फडावर मोळ्या बांधताना कळलेले असणार. या विषयावर आपल्या वर्गात, कदाचित आपल्या विभागातसुद्धा, त्याच्याइतका जाणकार कोणी नसेल. असे असताना त्याने यातले एक अक्षरही लिहिले नाही आणि ‘बहुआयामी प्रक्रिया’ लिहून दिली. मला फसवणुकीपेक्षा हे अधिक लागले. आपल्या घरातली गोष्ट प्रकल्पात लिहिण्याच्या लायकीची नाही, हे त्याला यंत्राने शिकवलेले नाही. ते पहिलीपासून तिथपर्यंत आपण सर्वांनी मिळून शिकवले आहे. ‘काळाची गरज आहे’ हे वाक्यही यंत्राच्या पोटात आपल्याच निबंधांतून, गाईडांतून आणि चर्चासत्रांच्या स्मरणिकांतून गेले असणार. यंत्र आपल्याला आपलीच भाषा परत करते आणि आपण चिडतो.

इथे मला माझीही गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या मधल्या काळात मी दर वर्षी शंभराच्या आसपास जर्नले तपासत असे. तपासत असे, म्हणजे पानागणिक लाल शाईने टिक करत असे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने तिचे जर्नल निकालानंतर मला आणून दाखवले. बाइंडिंग करताना त्याची दोन पाने उलटी लागली होती आणि त्या उलट्या पानांवर माझ्या दोन सुलट्या टिका होत्या. ती हसत होती, मीही हसलो. परंतु त्यानंतर तिने मला काही लिहून दाखवले नाही. आपले लिहिलेले कोणी वाचत नाही, हे विद्यार्थ्यांना चॅटजीपीटी येण्याच्या, म्हणजे २०२२च्या नोव्हेंबरच्या, कितीतरी आधी समजले होते. न वाचल्या जाणाऱ्या कागदासाठी न लिहिलेला मजकूर द्यावा, हा त्यांचा हिशेब मला पटत नाही, परंतु समजतो.

आपली दुसरी चूक, सर्वांसमोर वाचून दाखवण्याची, या हिशेबाशीच जोडलेली आहे. मराठीत ‘भीड’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. ‘भीड ही भिकेची बहीण’ म्हणताना आपल्याला संकोच अभिप्रेत असतो. ‘त्याने माझी भीड ठेवली’ म्हणताना आदर आणि मुर्वत अभिप्रेत असते. वर्गातले नाते या दोन्हींवर उभे असते. पहिल्या प्रकारच्या भिडेमुळे विद्यार्थी ‘सर, मला हे समजले नाही’ असे म्हणत नाही. दुसऱ्या प्रकारच्या भिडेमुळे तो आपल्यापुढे खोटा कागद ठेवायला धजत नाही. यंत्रापुढे पहिली भीड लागतच नाही, म्हणून तो रात्री अकरा वाजता त्याला दहा वेळा तोच प्रश्न विचारतो, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. आपण वर्गात त्याचे पान वाचले, तेव्हा त्याची पहिली भीड दुणावली आणि दुसरी संपली.

तेव्हा आधी त्याला निरोप पाठवा. नोटीस नको, वर्गमित्राकरवी साधा निरोप. तो आला की स्टाफरूममध्ये बसू नका, कारण तिथे चार माणसे कान देऊन असतात. महाविद्यालयासमोरच्या हॉटेलात चहा घ्या. सर्वांसमोर वाचले ते माझे चुकले, असे स्पष्ट म्हणा. ‘चुकले असेल तर’ असे नको. मग प्रकल्पाचा विषय काढू नका, यंदा उचल किती होती आणि ती फिटली का, एवढे विचारा आणि ऐका. तो बोलू लागला की हेच दोन पानांत लिहून आण म्हणून सांगा, शब्द तुझेच ठेव म्हणून सांगा. ते दोन कागद चुकांनी भरलेले असतील. पहिल्यांदाच आपल्याला त्याच्या चुका दिसतील, आणि शिकवायला सुरुवात करायला शिक्षकाला तेवढेच लागते.

विश्वासाचा आधार विचारलात, तर पुढच्या वर्षासाठी एक हिशेब मांडतो. ६२ विद्यार्थ्यांशी प्रत्येकी पंधरा मिनिटे त्यांच्या प्रकल्पावर बोलायचे ठरवले तर साडेपंधरा तास होतात. प्रकल्प तपासणीच्या नावाने वेळापत्रकात असलेल्या तासिका त्यासाठी वापरल्या तर हे काम महिना-सव्वा महिन्यात बसते. ‘ही आकडेवारी कुठून घेतलीस? हा शब्द तुझ्या गावात वापरतात का? इथे तुझे मत बदलले का?’ असे तीन-चार प्रश्न पुरतात. यंत्राची मदत घेतली असेल तर कोठे घेतली, ते प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळींत लिहायला सांगा आणि तसे लिहिणाऱ्याचे गुण कापू नका. स्वतःही तीच शिस्त पाळा. प्रश्नपत्रिका, टिपणे, स्लाइडा आणि शोधनिबंधांचे गोषवारे आता प्राध्यापकही यंत्राकडून करून घेतात, हे मुलांना ठाऊक असते. ते बोलत नाहीत इतकेच.

आपल्या मराठवाड्यातच देवगिरीवर घडलेली एक गोष्ट सांगतात. जनार्दनस्वामींनी एकनाथांकडे हिशेबाचे काम दिले होते. एका पैचा मेळ लागेना म्हणून नाथ रात्रभर वह्या चाळत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. ती ऐकून स्वामी उठून आले. कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. मला त्यात टाळी ऐकू येण्याइतक्या अंतरावर असलेला गुरू अधिक महत्त्वाचा वाटतो. आता मुलांना त्यांची चूक मोबाइलवर सापडते आणि टाळी वाजलीच तर ती आपल्याला ऐकू येत नाही. त्या पंधरा मिनिटांत ती ऐकू येण्याची शक्यता आहे, म्हणून मी त्यांचा आग्रह धरतो.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातून नांदेडला एम.ए.साठी आले आहे. आमच्या मॅडम चांगल्या आहेत, परंतु त्या तासिका तत्त्वावर असल्यामुळे तास संपला की दुसऱ्या महाविद्यालयात जातात. लघुप्रबंधाच्या सर्व शंका मी एआयला विचारते. ते रात्री दोन वाजताही उत्तर देते आणि ‘खूप चांगला प्रश्न विचारलास’ म्हणते. घरचे लग्नासाठी मागे लागले आहेत, तेही मी त्यालाच सांगितले. गेल्या महिन्यात मॅडमना एक प्रकरण वाचायला दिले. त्यांचा अभिप्राय आला, त्यातली भाषा मी लगेच ओळखली, कारण मला रोज तशीच उत्तरे येतात. मॅडमनी ते वाचलेच नाही असे वाटून मला रडू आले. मी स्वतः एआय वापरते, मग मला वाईट वाटण्याचा अधिकार आहे का?

उत्तर : आहे. तुम्ही यंत्राला प्रश्न विचारलात तेव्हा उत्तर यंत्राचे असणार हे तुम्हाला माहीत होते. मॅडमना प्रकरण दिलेत ते मॅडमनी वाचावे म्हणून. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. तरीसुद्धा मॅडमच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे. मराठवाड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या गेलेल्या नाहीत आणि शिकवण्याचा मोठा भार सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, शिक्षकांवर आहे. त्यांना मानधन तासाचे मिळते. विद्यार्थिनीसाठी व्हरांड्यात थांबण्याचे, प्रकरण घरी नेऊन वाचण्याचे मानधन मिळत नाही. दोन महाविद्यालयांच्या मधल्या एसटीत बसून त्यांनी तुमचे प्रकरण मोबाइलवर यंत्राला वाचायला दिले असेल, तर त्यात थकवा आहे, तुमच्याविषयी तुच्छता असेलच असे नाही. आणि तुमचा अंदाज चुकीचाही असू शकतो. वरच्या पत्रातील सरांना टक्केवारीवर विसंबू नका म्हणून सांगितले, तेच तुम्हालाही लागू आहे.

यंत्राच्या आपुलकीविषयी एक जुनी हकिगत सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६मध्ये ‘एलिझा’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. ‘मला आईचा राग येतो’ असे टंकले की ‘तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा’ अशा धाटणीचा प्रश्न परत येई. आत समज काहीच नव्हती, वाक्यांची उलटापालट होती. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी हा कार्यक्रम तयार होताना अनेक महिने डोळ्यांनी पाहिला होता, तरी एके दिवशी त्याच्याशी थोडे बोलून झाल्यावर त्यांनी वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितले. आजची यंत्रे एलिझाच्या शेकडो पटींनी हुशार आहेत. तेव्हा रात्री दोन वाजता तुम्हाला जिव्हाळा वाटला, याची लाज वाटून घेऊ नका. मात्र ‘खूप चांगला प्रश्न’ ही दाद साध्या प्रश्नालाही तितक्याच सढळ हाताने मिळते, हे स्वतः करून पाहा. तुमच्या प्रकरणातला सर्वांत कच्चा परिच्छेद निवडा, एकदा ‘हा मी लिहिला’ म्हणून आणि एकदा ‘हा माझ्या प्रतिस्पर्ध्याने लिहिला’ म्हणून त्याला दाखवा. दोन अभिप्रायांतला फरक समोर ठेवा.

यंत्राकडून शिकू नका असे मी म्हणणार नाही. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळाला तर किती फरक पडतो, यावर बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांचा १९८४चा लेख प्रसिद्ध आहे. तसे शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला, असे त्यांनी मांडले. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही, आणि ब्लूम यांच्या प्रयोगात शिकवणारी माणसे होती. तरीही आजच्या यंत्रांच्या जाहिरातींमागे तेच स्वप्न आहे. खेड्यातून आलेल्या आणि खाजगी शिकवणी न परवडणाऱ्या मुलीला संकल्पना दहा वेळा समजावून घेता येते, हे मला मोलाचे वाटते. संदर्भग्रंथांची यादी मात्र त्याच्याकडून आयती घेऊ नका; नसलेली पुस्तके आणि नसलेले लेख ते बेमालूम रचून देते. न्यूयॉर्कमध्ये २०२३मध्ये दोन वकिलांनी असेच यंत्राने रचलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

मॅडमकडे जाताना पूर्ण प्रकरण नेऊ नका. एक पान न्या, तेही जिथे तुम्ही अडला आहात ते, आणि एकच प्रश्न न्या. तास संपल्यावर ‘मॅडम, स्टँडपर्यंत तुमच्यासोबत येऊ का?’ असे विचारा. तेवढ्या वाटेत एका पानाचे बोलणे होते. त्यांच्या अभिप्रायाचा विषय पहिल्याच दिवशी काढू नका. तीनचार वेळा असे चालत गेल्यावर तो आपोआप निघेल, कदाचित त्याच काढतील.

लग्नाच्या दडपणाबद्दल मात्र यंत्रावर थांबू नका. ते तुमच्या घरी फोन करू शकत नाही, तुमच्या वडिलांना ओळखत नाही, आणि विद्यार्थिनीचा निकाल काय लागला ते सांगायला कोणाच्या दारी जाऊ शकत नाही. मुलीचे शिक्षण पुरे होऊ द्या म्हणून सांगायला शिक्षक पालकांच्या घरी गेल्याची उदाहरणे आपल्या भागात कमी नाहीत, आणि मॅडमचा शब्द तुमच्या आईला पटण्याची शक्यता तुमच्या अंदाजापेक्षा अधिक आहे. झोप लागत नसेल, मन फार खचत असेल, तर टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर माणसाशी बोलता येते.

प्रश्न : आमची परभणी तालुक्यात चार एकर कोरडवाहू आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी. करतो. खोलीभाडे आणि मेस मिळून महिन्याला बराच पैसा जातो. तो म्हणतो, कॉलेजात काही शिकवत नाहीत, मोबाइलवर सगळे शिकता येते, वर्गात जायची गरज नाही. असे असेल तर त्याला घरी बोलवावे का? सोयाबीनच्या काढणीला तरी मदत होईल.

उत्तर : काढणीला दोनचार दिवस जरूर बोलवा. कायमचे बोलवण्याआधी फोनवर त्याला दोन प्रश्न विचारा : प्रयोगशाळेत या महिन्यात स्वतःच्या हाताने कोणते प्रॅक्टिकल केले, आणि तुझे नाव व गाव माहीत असलेले सर किती आहेत? पहिल्याचे उत्तर गुळमुळीत आले तर तो वर्ग चुकवतो आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर त्याच्या तक्रारीत तथ्य आहे आणि दोष एकट्या त्याचा नाही.

मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८मध्ये मिळाले. त्याआधी इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे. औरंगाबादला १९५०मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले, तेव्हा घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात होते अशी मुले तिथे आली. पुस्तके त्यांना कुठूनही मिळाली असती; वसतिगृह, सोबत आणि नावाने हाक मारणारे शिक्षक मिळाले नसते. तुमच्या मुलाला आज मोबाइलवर पुस्तकांहून बरेच अधिक मिळते. बाकीचे मिळते का, ते तुम्ही स्वतः जाऊन पाहा. पालकसभेची वाट पाहू नका, त्या दिवशी सगळे झाडून ठेवलेले असते. मधल्या वारी, सकाळच्या गाडीने जा, मुलाला आधी कळवू नका, विभागात जाऊन त्याचे नाव सांगा आणि कोण मान वर करते ते पाहा.